जाऊबाईंचं पाठांतर

माझ्या मोठ्या जाऊबाईंना एकदा ऐकलेलं विसरता येत नसे. कौतुक म्हणून सांगत नाही, त्यांना खरंच ते जमत नसे. औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, रेडिओवरच्या जाहिराती, लहानपणी शेजारच्या वर्गातून कानावर पडलेले पाढे, सगळं डोक्यात जसंच्या तसं. मी नवी नवरी म्हणून घरात आले त्या आठवड्यात काहीतरी फटकन बोलून गेले असेन. पाच वर्षांनी एका भांडणात त्यांनी ते शब्दन् शब्द माझ्यापुढे ठेवलं, आणि तेही माझ्याच आवाजात. सासूबाई म्हणायच्या, "हिच्यासमोर बोलायचं म्हणजे सही करून दिल्यासारखं आहे." पुढे त्या कारखान्यात लागल्या तिथे त्यांचं नाव पडलं 'टेप'.

आमचं घर म्हणजे इस्त्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. दुपारी खालच्या इस्त्र्या तापल्या की आमची फरशीही तापायची. मोठे दीर लग्नानंतर नवव्या वर्षी तापाने गेले. मूलबाळ नव्हतं. जाऊबाई माहेरी गेल्या नाहीत. बुटांच्या कारखान्यात लागल्या. तेरा वर्षांनी त्यांनीच मला तिथे चिकटवलं. माझे मिस्टर टेम्पो चालवायचे, तोही कारखान्यातून गोदामापर्यंत बुटांची खोकी न्यायला. म्हणजे घरातल्या चुलीपासून टेम्पोच्या टायरपर्यंत सगळं त्या एका दाराआड होतं. ते दार बंद झालं तर आम्ही काय करायचं, याचा विचार आम्ही करत नसू. करून उपयोग नव्हता.

कारखान्याला दोन अंगं होती. पुढचा हॉल मोठा, खिडक्यांचा. तिथे शिलाई आणि पॅकिंग. जाऊबाई सोळा वर्षं तिथे बुटाचा वरचा भाग शिवत होत्या. मागे पत्र्याची शेड. तिथे तळ चिकटवायचे. शिवलेला भाग साच्यावर चढवलेला असायचा, त्याला आणि तळाला ब्रशने सोल्युशन फासायचं, गरम पेटीतून काढायचं आणि दाबयंत्राखाली द्यायचं. सोल्युशन पिवळ्या डब्यांतून यायचं. शेडच्या खिडक्या पक्क्या बंद केलेल्या, कारण ओल्या सोल्युशनवर धूळ बसली की जोड नापास होतो. पहिल्या तासाला तो वास गोडसर वाटायचा, दुसऱ्या तासाला जाणवेनासा व्हायचा, आणि घरी गेल्यावर ताटातल्या जेवणाला यायचा. संडासाची किल्ली सुपरवायझरच्या खिशात. पाळीत दोनदा मिळायची. तिसऱ्यांदा मागितली तर तो फळ्यावर लिहिलेल्या दिवसाच्या जोड्यांच्या आकड्याकडे बोट दाखवायचा.

मी शेडमध्ये होते. तीन वर्षं झाली तेव्हा पायांना मुंग्या यायला लागल्या. मग मुंग्या गेल्या, आणि ते जास्त वाईट होतं. पायांत मोजे चढवलेत असं सारखं वाटायचं, आणि खाली बघावं तर पाय उघडेच. एकदा सुटल्यावर आम्ही दोघी घरी येत होतो. जाऊबाई चार पावलं मागे होत्या. जिन्यापाशी त्यांनी मला थांबवलं.

"अगं, तुझी चप्पल कुठे आहे?"

"पायात," मी म्हटलं.

त्यांनी हात पुढे केला. माझी डाव्या पायातली चप्पल त्यांच्या हातात होती. कोपऱ्यावर गळून पडली होती आणि तिथपासून मी अनवाणी चालत आले होते. माझ्या पायाला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुपरवायझरला गाठलं. "माझ्या जावेला पुढे घ्या. तिला वास सोसत नाही."

"घेतो की," तो म्हणाला. "तिची जागा तू घेतेस?"

जाऊबाई हॉलकडे परत वळल्या. मी सहा हातांवर उभी होते, मला ऐकू आलं. त्यांनी हो म्हटलं नाही. तीन दिवस त्या माझ्याशी नजर चुकवून वागल्या. मी रागावले नाही, कारण त्यांच्या जागी मी असते तर मीही हो म्हटलं नसतं.

त्याच सुमारास कारखान्यात धावपळ सुरू झाली. आम्ही जे बूट करायचो ते परदेशात एका मोठ्या कंपनीच्या नावाने विकले जायचे. तिकडे म्हणे लोक त्या कंपनीच्या दुकानांपुढे उभे राहायला लागले होते. कॉलेजातली पोरं, बाबागाडी घेऊन आलेल्या आया, पेन्शनीतले म्हातारे. हातात बूट धरायचा आणि आत जाणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारायचं, हा कोणी शिवलाय ठाऊक आहे का? कंपनीला पोत्यांनी पत्रं जात होती. हे सगळं आम्हाला कळलं ते मॅनेजरच्या चिडचिडीतून. तो म्हणायचा, "तिकडच्या रिकामटेकड्या बायकांना घरी कामं नाहीत, म्हणून इकडे आपल्या पोटावर पाय देतायत."

कंपनीने तपासणी लावली. तारीख आधी कळवली होती. कामगार अधिकाऱ्याने, म्हणजे ज्याच्या सहीने आम्ही कामाला लागायचो त्या साहेबाने, दोन पानांचा कागद तयार केला. एकतीस प्रश्न आणि त्यांची एकतीस उत्तरं. रोज किती तास काम? आठ. जादा काम सक्तीचं असतं का? नाही, आमच्या खुशीने. मास्क मिळतो का? रोज नवा. कामामुळे कोणाला काही त्रास? नाही. काही उत्तरांपुढे कंसात सूचना होत्या: थोडं हसावं. विचार करून सांगत असल्यासारखं दाखवावं. मागच्या शेडकडे पाहू नये.

तो कागद तीनशे बायकांकडून घोटून घ्यायचा होता, आणि त्याला टेपशिवाय दुसरं कोण सुचणार? जाऊबाईंनी कागद एकदा वाचला आणि परत दिला. दोन आठवडे त्यांना शिलाईवरून काढून जेवणाच्या खोलीत स्टुलावर बसवलं. वीस-वीस बायकांची तुकडी यायची. त्या विचारायच्या, बायका एका सुरात उत्तर द्यायच्या. चांगल्या शिकवायच्या, खोटं कशाला बोलू. एकीला 'सक्तीचं' हा शब्द येईना, तर तिला म्हणाल्या, "तू नुसतं 'नाही' म्हण. तुझ्या तोंडून 'नाही' छान निघतं." बायका खदखदून हसल्या. अधिकारी दारात उभा राहून खूश.

आमच्या शेडची तुकडी आली तेव्हा मी पहिल्या बाकावर बसले. मुद्दाम. त्यांनी तेविसावा प्रश्न विचारला, "कामामुळे कोणाला काही त्रास?"

सगळ्यांनी "नाही" म्हटलं. मी तोंड उघडलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चोविसाव्यावर गेल्या.

घरी मी भांडी आपटली. "माझ्या तोंडावर विचारलंत. माझ्या पायांकडे बघून."

"मग काय विचारू?" त्या म्हणाल्या. "खरं सांगायचं, आणि मग? ऑर्डर गेली तर शेड बंद, हॉल बंद, टेम्पो बंद. तुझे पाय बरे होणार आहेत का त्याने?"

"तुम्हाला स्टूल मिळालंय म्हणून बोलताय."

"हो, मिळालंय," त्या म्हणाल्या. "दोन आठवडे माझी मान दुखली नाही. तेही ऐकून ठेव."

सासूबाई आतून म्हणाल्या, "दोघी गप्प बसा. खालच्या इस्त्रीवाल्याला ऐकायला जातंय."

तपासणीच्या सकाळी दारातच मास्क वाटले. संडासाला कुलूप नव्हतं, साबणाची नवी वडी होती. शेडमधल्या आम्हाला तेवढ्यापुरतं हॉलमध्ये पॅकिंगला बसवलं आणि शेडला बाहेरून टाळं लावून वर पाटी टांगली, 'भंगार'. तिघं आले, अडीच तास फिरले, अधिकारी त्यांच्या बरोबरीने. सगळ्यांनी पाठ म्हटला. महिन्याभराने चौकटीत बसवलेलं प्रमाणपत्र मॅनेजरच्या खुर्चीमागे लागलं. जाऊबाई परत शिलाईवर गेल्या, मी परत शेडमध्ये.

माझा उजवा पंजा आता लोंबायला लागला होता. पाऊल टाकायचं तर गुडघा उंच उचलावा लागायचा, चिखलातून चालल्यासारखा. नसांच्या डॉक्टरने मला डोळे मिटायला लावले, कुठे कुठे काय काय टोचलं, आणि विचारलं, "कशात काम करता?" मी सांगितलं. त्याने लिहिणं थांबवलं. "त्या सोल्युशनमधलं द्रव्य नसा खातं. थांबलात तर हळूहळू काही भरून येईल. नाही थांबलात तर हातही जातील." सोबत जाऊबाई होत्या. त्यांनी डॉक्टरचं बोलणं ऐकलं, म्हणजे आता ते त्यांच्या डोक्यातून कधीच जाणार नव्हतं. घरी येताना मला म्हणाल्या, "हातही जातील म्हणाला." मी म्हटलं, "मी पण तिथेच होते." मी काम सोडलं नाही. मिस्टर म्हणाले सोड, पण म्हणताना खाली बघत होते.

प्रमाणपत्राने तिकडच्या लोकांचं समाधान झालं नाही. त्यांच्या संघटनेने वेगवेगळ्या कारखान्यांचे तपासणीचे कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले, तर सगळीकडे उत्तरं सारखीच. त्यांनी हट्ट धरला की आमचा माणूस जाईल आणि कामगारांशी कारखान्याबाहेर बोलेल. कंपनीने कुरकुरत मान्य केलं. अट एकच, की पाच बायका कारखाना निवडेल.

अधिकाऱ्याने जाऊबाईंना बोलावलं. "पाठ तोच. तू पुढे. बरोबर लाइनबाई असेल." लाइनबाई म्हणजे हॉलवर देखरेख करणारी, सुपरवायझरची सख्खी बहीण. तिच्या कानांसाठीच तिला पाठवत होते हे उघड होतं. "बाकी तिघी तूच सांग, तोंड सांभाळणाऱ्या."

जाऊबाईंनी दोन नावं घेतली आणि तिसरं माझं.

"ती लंगडते," अधिकारी म्हणाला.

"बसून बोलायचंय ना साहेब? बसल्यावर कोण लंगडतं?"

त्याला हसू आलं. त्याने माझं नाव लिहून घेतलं.

रविवारी वाचनालयाच्या एका खोलीत आम्हाला बसवलं. भिंतींना वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली, मधे लांब टेबल. समोर साठीतली एक गोरी, आखूड केसांची बाई. ती निवृत्त नर्स होती. नातवासाठी बूट घ्यायला गेली असताना दुकानापुढच्या पोरांनी तिला तो प्रश्न विचारला होता, आणि उत्तर आलं नाही म्हणून ती त्यांच्यातच जाऊन उभी राहिली होती. शेजारी आमच्याच भाषेतली एक तरुण दुभाषी मुलगी, टेबलावर रेकॉर्डर. लाइनबाई टोकाला बसली, पर्स मांडीवर धरून.

नर्सच्या हातात तपासणीतल्याच प्रश्नांचा कागद होता. तिने विचारलं, दुभाषीने आमच्या भाषेत केलं, "तुम्ही दिवसाला किती तास काम करता?"

"आठ तास," जाऊबाई म्हणाल्या. आणि त्याच आवाजात पुढे, "थोडं हसावं."

त्या थोडं हसल्या.

दुभाषी मुलीची लेखणी थांबली. मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. लाइनबाईने मान वळवली.

"जादा काम सक्तीचं असतं का?"

"नाही, आमच्या खुशीने. इथे प्रश्न नीट न कळल्यासारखं करून पुन्हा विचारायला लावावं."

आता दुभाषी नर्सच्या कानाशी लागली. बराच वेळ बोलली. नर्सचा चेहरा हलला नाही. तिने पुढचा प्रश्न अगदी हळू विचारला, मग त्याच्या पुढचा. जाऊबाई सरळ बसून, हात मांडीवर, शाळेत उभं राहून कविता म्हणावी तशा म्हणत गेल्या, उत्तर आणि लगेच कंसातलं. चौदाव्याला 'अधिकाऱ्याकडे न पाहता'. एकोणिसाव्याला 'मागच्या शेडकडे पाहू नये. विचारल्यास भंगार ठेवतो असं सांगावं'. पहिलं पान संपलं तिथे त्यांनी 'कृपया उलटा' हेही सोडलं नाही.

लाइनबाई पर्सचा बंद गच्च धरून बसली होती. थांबवणार कशी? जाऊबाई कागदाबाहेरचा एक शब्द बोलत नव्हत्या.

तेविसावा आला. "कामामुळे कोणाला काही त्रास?"

"नाही," जाऊबाई म्हणाल्या. "ठामपणे सांगावं." पण ठामपणा काही आला नाही. आवाज चिरकला.

नर्सने आमच्या पाचही जणींकडे बघितलं, मग टेबलाखाली. मी पाय मागे घेतले असावेत, मला काय कळणार. ती उठून आली, माझ्यासमोर जमिनीवर बसली, आणि दुभाषीकरवी म्हणाली, "डोळे मिटा. मी हात लावला की सांगा."

मी डोळे मिटले. वाट बघत राहिले. शेवटी कंटाळून उघडले आणि म्हटलं, "लावा ना."

ती केव्हापासून पेनाचं टोक माझ्या तळव्यावर दाबत होती. गोल खूण उमटली होती. ती तिथेच बसून राहिली. मला तिच्यासमोर लाज वाटली, आणि का वाटली ते आजही सांगता येत नाही. लाजण्यासारखं मी काही केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्याने जाऊबाईंना आत घेतलं. त्याचा आवाज हॉलभर येत होता. जाऊबाईंचा आवाज मात्र नेहमीचा. "तुम्ही दिलं तेच म्हटलं साहेब. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. लाइनबाईंना विचारा." त्यांना कामावरून काढता येईना, कारण तिकडचे लोक आता त्यांचं नाव धरून बसले होते. मग त्यांना शेडमध्ये पाठवलं. सतराव्या वर्षी त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि ब्रश उचलला.

"मुद्दाम केलंत ना?" मी विचारलं.

"खरं बोलायला धीर लागतो," त्या म्हणाल्या. "तो माझ्याकडे नव्हता. लाइनबाई समोर होती, घरी तुम्ही सगळे होतात. पाठांतर होतं, तेवढं दिलं." मग डब्यात ब्रश बुडवून, "हे इतकं घट्ट असतं होय?"

रेकॉर्डिंग तिकडे फिरलं. दुकानांपुढे लोक दुप्पट झाले. कोणाच्या तरी फलकावर म्हणे 'थोडं हसावं' लिहिलेलं होतं, त्यांच्या भाषेत. आणि आठच आठवड्यांत कंपनीने जाहीर केलं की असल्या कारखान्याशी आम्ही संबंध ठेवणार नाही. झालं. तिकडे टाळ्या पडल्या असतील. इकडे तीनशेपैकी दोनशे दहा जणींना, कामावर कोण राहिलं त्या फाटकावरच्या यादीत आपलं नाव सापडलं नाही. आम्ही दोघी त्यात होतोच. टेम्पो इस्त्रीच्या दुकानापुढे उभा राहिला, आणि त्याच्या हौदात गल्लीतली मांजरं झोपायला लागली.

गल्लीत आम्हाला वाळीत टाकल्यासारखं झालं. नळावर गेलं की बायका बोलता बोलता थांबायच्या. जाऊबाईंबरोबर सोळा वर्षं एका बाकावर शिवलेली त्यांची मैत्रीण एक दिवस घरी आली. बस म्हटलं तर बसली नाही. म्हणाली, "तुझ्या जावेच्या पायांसाठी आमचे हात कापलेस." एवढंच बोलून जिना उतरली. जाऊबाईंनी ते वाक्य नंतर कधी उच्चारलं नाही, पण कुठे जाणार ते? सगळ्यांच्या डोक्यातून वाहून गेलं असेल, त्यांच्या डोक्यात तारीख-वारासकट आहे.

त्या महिन्यांत घरात एकमेकांकडे पाठ करून बसायलाही जागा नव्हती. मिस्टर दिवसभर घरात, सासूबाई घरात, आम्ही दोघी घरात, खालून इस्त्रीची धग. कोणी कोणाला दोष देत नव्हतं आणि सगळ्यांना तो ऐकू येत होता.

दुभाषी मुलीचा फोन आला तेव्हा ती आधी रडली. संघटनेला हे नको होतं, म्हणाली, कंपनीने सोपी वाट धरली. जाऊबाईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "त्यांना सांग, आमच्यासाठी उभे राहता तर नीट उभे राहा. बूट घेऊ नका म्हणून नाही. पळून जाऊ नका, परत या आणि ती शेड दुरुस्त करा, असं म्हणा. आणि लिहून घे."

मग त्यांनी शेडमध्ये गेल्या नऊ वर्षांत काम केलेल्या आणि हातपाय बधिर झालेल्या सतरा बायकांची नावं सांगितली. कोण कधी लागली, किती वर्षं राहिली, कोणाचा कुठला पाय, कोण कुठे राहते. शेडची हजेरी कारखाना वेगळ्या वहीत ठेवायचा आणि ती वही तपासणीच्या आदल्या दिवशीच नाहीशी झाली होती. त्या बायका तिथे होत्या याचा दुसरा पुरावा जगात नव्हता. अर्धा तास त्या सांगत होत्या आणि पलीकडे मुलगी लिहीत होती. मधे एकदाच अडखळल्या. माझं नाव आलं तिथे.

सात महिने लागले. तिकडे घोषणा बदलल्या. नर्सने सतरा जणींची यादी घेऊन कंपनीच्या मोठ्या कचेरीत तीन फेऱ्या मारल्या असं ऐकलं. शेवटी कंपनी परत आली, ऑर्डर आधीच्या निम्म्याने. शेड पाडली. नसा न खाणारं, पाण्यातलं सोल्युशन आलं, हवा ओढणारे मोठे पंखे लागले, संडासाची किल्ली गेली. सतरा जणींच्या उपचाराची सोय झाली. माझ्या पायांना दीड वर्षाने फरशीची धग कळायला लागली. पंजा अजून पुरता उचलत नाही, पण चालते. काढलेल्यांतल्या एकशे चाळीस जणींना परत घेतलं. बाकावरची ती मैत्रीण परत गेली. टेम्पो सुरू झाला.

जाऊबाईंना घेतलं नाही. दुभाषी मुलीने लढून पाहिलं. कारखान्याने कागद पुढे केला: स्वखुशीने राजीनामा, खाली जाऊबाईंची सही. सही त्यांचीच होती. सतरा वर्षांपूर्वी कामावर लागताना अधिकाऱ्याने कोऱ्या कागदावर सही घेतली होती, सगळ्यांचीच घ्यायचा. जाऊबाईंना तो दिवस, ते टेबल, पेनाची शाई निळी होती हेसुद्धा आठवत होतं. ते कोणी पुरावा म्हणून घेईना. पुढे ती मुलगी दुसऱ्या नोकरीला लागली. तिकडचे लोक कुठल्याशा शर्टांच्या मागे लागले. त्यांना तरी किती ठिकाणी उभं राहता येणार?

आज जाऊबाई पंचावन्नच्या आहेत. बसस्टँडमागच्या बोळात एका तळमजल्यावरच्या खोलीत सातजण शाळेचे बूट आणि सँडल बनवतात, तिथे त्या जातात. ते बूट परदेशी जात नाहीत. आमच्याच बाजारात विकले जातात, आमचीच मुलं घालतात. एक खिडकी, तीही बोळात उघडणारी. डबे पिवळेच. गेल्या हिवाळ्यापासून त्यांच्या बोटांना मुंग्या येतात. मला सांगितलं नव्हतं. सुईत दोरा ओवताना मी पाहिलं.

"सोडा ते," मी म्हटलं.

"सोडते. तू जागा बघ. पंचावन्नच्या बाईला बसून करायचं काम कोण देतं ते मलाही कळू दे."

मी जागा बघत होते, अजून बघते. मधल्या काळात माझ्या लेकीला शाळेचे बूट घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराला विचारलं, हे कोण बनवतं, कशाने चिकटवतं, तिथे खिडकी आहे का? तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाई, बूट पायात घालायचेत की सोयरीक जुळवायची आहे?" दुकानातले सगळे हसले. मीही हसले, आणि परत विचारलं.

आता त्या सतरांपैकी तिघी माझ्याबरोबर येतात. दर रविवारी बाजारात दोन-तीन दुकानं करतो. एक दुकानदार आम्हाला बघून शटर अर्धं ओढतो. एकाने मात्र ऐकून घेतलं आणि म्हणाला, पुढच्या मालाला चौकशी करतो. करेल न करेल.

गेल्या रविवारी निघताना जाऊबाई जिन्यापर्यंत आल्या. "चौकातल्या मोठ्या दुकानात जाणार आहात?"

"जायचं आहे."

"आमचा माल तिथे जातो," त्या म्हणाल्या. "तिथे कोणी विचारलं की आमचा मालक आधी माझ्याकडेच बघेल. मागचं सगळं त्याला ठाऊक आहे."

"मग नको जायला?"

त्या कठड्यावर हात ठेवून बोटं उघडमीट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "थोडं थांबा. दुसरं काम मिळेपर्यंत."

आम्ही बाकीच्या दुकानांत गेलो. चौकातल्या त्या दुकानात अजून गेलेलो नाही.